भीमा आणि घोडनदीच्या माहेरी

दरवर्षी १ जानेवारीला आपण लाखोंच्या संख्येने विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जातो. शिरूरकडून जाताना अलीकडे आपल्या तालुक्यातले कोरेगाव भीमा, पलीकडे पेरण्याच्या हद्दीत स्तंभ आणि मधून वाहणारी भीमा नदी. १८१८ ची लढाई आपल्या लेकरांना पाठ असते. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब येथे आले होते, हेही ती सांगतात. पण पुलावरून जाताना एखादे पोर विचारते, "ही नदी येते कुठून?" तेव्हा आपण "वरून, डोंगरातून" एवढेच सांगून पुढे सरकतो. तो डोंगर कोणता, तेथे कोण राहते, कोणती जनावरे आहेत आणि त्याचा आपल्या संसाराशी संबंध काय, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेले असते. म्हणून वाचक बंधू-भगिनींना या वेळी आम्ही त्या डोंगरावर घेऊन जाणार आहोत.

दोन नद्या, एक डोंगर

शिरूरला जुनी माणसे अजूनही घोडनदी म्हणतात. दौंड तर भीमेच्या काठावरच वसलेले. या दोन्ही नद्यांचे माहेर एकच, ते म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरचा भीमाशंकरचा डोंगर. भीमा भीमाशंकरच्या रानात उगम पावते आणि घोड तिच्या उत्तरेला आहुपे गावाच्या परिसरात. भीमा चासकमान धरणातून खेडवरून खाली येते, तुळापूरला इंद्रायणीला सोबत घेते आणि कोरेगावच्या पुलाखालून पुढे जाते. घोड डिंभे धरणातून निघून आंबेगाव तालुका ओलांडते, शिरूरला येते, चिंचणीच्या धरणात विसावते आणि दौंडच्या परिसरात भीमेला मिळते. तेथून उजनी, पंढरपूर करीत ही भीमा कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेत जाते. सगळा मिळून सुमारे ८६० किलोमीटरचा प्रवास.

आपल्या शिरूर-दौंडकडे वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. भीमाशंकरच्या माथ्यावर तोच ३,००० मिलिमीटरच्या घरात जातो. म्हणजे आपल्या सहा वर्षांचा पाऊस त्या डोंगरावर एका पावसाळ्यात पडतो. तो पाऊस धरून ठेवणारे आणि हळूहळू खाली सोडणारे तिथले जंगल आहे. आपल्या नळाला येणारे पाणी, ऊसतोडीची मजुरी देणारा ऊस आणि उजनीचे धरण, हे सारे या हिशेबात जमेच्या बाजूला मांडावे लागते.

या जंगलाला १९८५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र १३०.७८ चौरस किलोमीटर. पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत ते पसरले आहे. डांबरी रस्ता भीमाशंकरच्या देवळापर्यंत जातो आणि यात्रेकरू तेथूनच माघारी फिरतात. खरे जंगल त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आहे. तेथे गाडी जात नाही. पाऊलवाटेने चालायचे, नाहीतर जायचे नाही.

सहल कशी ठरली

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागात वीस-बावीस दिवसांच्या आत बिबट्याच्या हल्ल्यात तीन जीव गेले. दोन लेकरे आणि एक वृद्ध माता. लोक रस्त्यावर उतरले. शेवटी वनखात्याच्या नेमबाजांनी त्या भागातला एक बिबट्या गोळी घालून मारला. त्या दिवसांत आमच्याकडच्या वस्त्यांत सूर्य मावळला की दारे लागत. रांजणगावच्या कारखान्यांत दुसऱ्या पाळीला जाणारे कामगार घोळक्याने परतत. पोरे एकच विचारीत, "बिबट्या भीमाशंकरच्या जंगलातून येतो ना? मग त्याला धरून परत तिथेच का सोडत नाहीत?"

प्रश्न रास्त होता. पण त्याचे उत्तर जंगल न पाहता कसे द्यावे? म्हणून डिसेंबरमध्ये, नाताळच्या सुट्टीत, आम्ही शिरूरची सहा आणि दौंडची तीन अशी नऊ कुटुंबे निघालो. दौंडचे बांधव रेल्वेतले, शिरूरचे कोणी कारखान्यात, कोणी बांधकामावर, कोणी आमच्यासारखे कारकून. हिशेब ठेवण्याचे काम अर्थातच आमच्याकडे आले. २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट झाल्यामुळे आमच्या भगिनींचा प्रवासखर्च निम्म्यावर आला आणि "बायकांना कशाला न्यायचे, खर्च वाढतो" असे म्हणणाऱ्यांचे तोंड आपोआप बंद झाले.

पाण्याखालचे गाव

शिरूरहून मंचर आणि मंचरहून घोडेगाव. तेथून पुढे डोंगर जवळ येऊ लागतात. डिंभे धरणाची भिंत दिसली तेव्हा पोरांनी खिडक्यांकडे गर्दी केली. या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. मुंबईच्या गिरणीतले कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवे झाले आणि चिरडले गेले. एका गिरणी कामगाराच्या नावाने एवढे मोठे पाणी साठलेले पाहून आमच्यातल्या कारखान्यातल्या मंडळींना विशेष वाटले.

पण या पाण्याखाली काय आहे, तेही पोरांना सांगितले. तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते जुने आंबेगाव या धरणात बुडाले. म्हणून तालुक्याचे नाव आंबेगाव आणि कचेरी घोडेगावला. आणखीही वाड्या-वस्त्यांची भातखाचरे गेली. ही माणसे बहुतेक महादेव कोळी आदिवासी. ज्यांची जमीन गेली त्यांतल्या अनेकांना हे पाणी मिळाले नाही, कारण ते कालव्यांनी खाली आपल्या बाजूला येते. पुढे या लोकांनी संघटित होऊन जलाशयात मासेमारीचा हक्क मिळवला, सहकारी सोसायटी केली. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या 'शाश्वत' या संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे 'इक्वेटर' पारितोषिक मिळाले. धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्या आपण खालच्या लोकांनी हा इतिहास ठाऊक ठेवला पाहिजे.

माळीण

डिंभ्यापुढे एस.टी. मोजक्याच. आम्ही दोन जीपगाड्या ठरवल्या. आहुप्याच्या वाटेवर माळीण लागते. ३० जुलै २०१४ च्या सकाळी मुसळधार पावसाने भिजलेला डोंगर खचून खाली आला आणि गाव मातीखाली गेले. १५१ माणसे मेली. गाव जागेवर नाही, हे पहिल्यांदा लक्षात आले ते एस.टी.च्या चालकाला. रोजच्या वाटेवरचे गाव त्याला दिसेना. वाचलेल्यांचे पुनर्वसन जवळच आमडे येथे झाले आणि २०१७ मध्ये त्यांना नवी घरे मिळाली.

आम्ही सर्वांनी तेथे उतरून दोन मिनिटे शांत उभे राहून त्या माणसांना आदरांजली वाहिली. अतिवृष्टी हे या दुर्घटनेचे मुख्य कारण. पण उतारावरची झाडी कमी होणे, यंत्रांनी केलेले सपाटीकरण आणि पाण्याचा निचरा अडणे यांनी धोका वाढतो, असे अभ्यासक सांगतात. या भागात 'पडकई' नावाची जुनी रीत आहे. गावकरी एकमेकांच्या शेतावर राबून, दगडी बांध रचून डोंगरउतारावर भातखाचरे काढतात. माणसाच्या हाताने, डोंगराचा कल ओळखून केलेले हे काम आणि यंत्राने एका दिवसात कापलेला उतार यांत मोठा फरक आहे. झाडांची मुळे माती धरून ठेवतात, हे पोरांनी पुस्तकात वाचले होते. मुळे नसली तर काय होते, हे त्यांनी त्या उतारावर पाहिले.

आहुप्याची देवराई

आहुपे हे डोंगराच्या अगदी कडेवरचे गाव. गाव संपते तेथे जमीनही संपते. कड्यावरून खाली पाहिले की कोकण दिसते आणि समोर गोरखगड, मच्छिंद्रगडाचे सुळके उभे असतात. त्याच गावाच्या परिसरातून एक बारीक ओहोळ उलट्या दिशेला, पूर्वेकडे वळतो. हीच आपली घोडनदी! शिरूरच्या पुलाखाली पसरणारे पात्र येथे एका पावलात ओलांडता येते. आमच्या धाकट्या मुलीने ते चारदा ओलांडले आणि चारही वेळा मोठ्याने जाहीर केले.

रात्री एका आदिवासी कुटुंबाच्या अंगणात मुक्काम केला. नाचणीची भाकरी, पिठले आणि वाफाळता भात. घरच्या आजींनी आमच्या भगिनींना चुलीजवळ बसवून घेतले आणि रात्री उशिरापर्यंत त्यांच्या गप्पा चालल्या.

सकाळी देवराई पाहिली. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. तेथली फांदी तोडायची नाही, वाळलेले लाकूडही घरी न्यायचे नाही. शास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या अशा देवरायांचा अभ्यास केला आणि जुने जंगल या तुकड्यांत कसे टिकले ते जगापुढे मांडले. आमच्यातल्या एका तरुणाने विचारले, "म्हणजे हे देवाच्या धाकाने टिकले?" आम्हांला तसे वाटत नाही. सगळ्या गावाने मिळून एक नियम केला आणि पिढ्यान्‌पिढ्या तो सर्वांनी पाळला, म्हणून हे टिकले. धाक एकट्याला असतो, नियम सर्वांचा असतो. आपल्या वस्तीत समाजमंदिराच्या भोवती झाडे लावली तर त्यांना देव लागणार नाही, सर्वांनी पाळलेला नियम मात्र लागेल.

वाट वरून जाते

आहुप्याहून कोंढवळमार्गे भीमाशंकरला पायी जाता येते. दिवसभराची वाट आहे. वृद्ध आणि लहान मुले जीपने तळेघरवरून फिरून गेली. आम्ही चौदा जण परवानगीचे सोपस्कार करून, गावातल्या एका जाणत्या मामांना सोबत घेऊन चालू लागलो.

सुरुवातीला गवताळ माळ, करवंदीच्या जाळ्या, कारवीचे रान. मग एकदम झाडी सुरू होते. अंजन, जांभूळ, हिरडा, आंबा, उंबर. वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळे खाली भर दुपारी सावली. झाडांच्या खोडांवर शेवाळ. आपल्याकडे बाभळी आणि निंब पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना हे सगळे नवे होते. पोरे आपसूक हळू आवाजात बोलू लागली.

तासाभराने वरून 'टक्-टक्-टक्' असा मोठा, खडखडीत आवाज आला. मामांनी हाताने थांबायची खूण केली. उंच शेंड्यावर प्रथम एक झुपकेदार शेपूट दिसली, मग सारा प्राणी. पाठ गर्द तांबूस, पोट पिवळसर पांढरे, शेपटीचे टोक फिकट. हेच शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी पाहिलेले असते, पण ते एवढे मोठे असेल असे कुणाला वाटले नव्हते. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे तीन फूट लांब आणि वजन दीड-दोन किलो. आमच्याकडे बघत ते दोन क्षण थांबले आणि समोरच्या झाडावर त्याने झेप घेतली. एका झेपेत वीस फुटांपर्यंतचे अंतर ते तोडते.

मामांनी फांदीच्या टोकाशी काटक्या-पानांचा मोठा गोळा दाखवला. ते त्याचे घरटे. एक शेकरू अशी पाच-सहा घरटी बांधते. काही झोपायला आणि एखादे पिलांसाठी. फांदीच्या बारीक टोकाशी बांधायचे, म्हणजे जड शिकारी जनावर तेथवर पोहोचत नाही. सकाळी आणि उतरत्या उन्हात ते हिंडते, दुपारी विसावा घेते. फळे, फुले, बिया, झाडाची साल खाते आणि खाता-खाता बिया दूरवर टाकते. अशा रीतीने जंगलाची लावणीही तेच करते.

"मामा, हे खाली उतरत न्हाय का?" आमच्या थोरल्याने विचारले.

"कशाला उतरंल? त्याचा रस्ता वरनं हाय. या झाडावरनं त्या झाडावर. मधी झाडं तोडली, रस्ता रुंद केला, की मग त्याला खाली यावं लागतं. खाली आला की कुत्रं धरतंय."

आम्ही रस्ता म्हणजे जमिनीवरचा असे धरून चालतो. माणसासाठी काढलेली सडक शेकराचा वरचा रस्ता तोडते, हे मामांच्या या दोन वाक्यांनी जसे कळले तसे एखाद्या व्याख्यानानेही कळले नसते.

या रानात सांबर, भेकर, रानडुक्कर, साळिंदर, तरस, वानर, खवल्या मांजर आणि बिबट्याही आहे. आम्हांला सांबराच्या खुरांचे ठसे, रानडुकरांनी उकरलेली माती आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाणारी वानरांची टोळी एवढेच दिसले. प्राणिसंग्रहालय आणि जंगल यांत हाच फरक. जनावरे आपल्याला दिसावीत म्हणून तेथे राहत नाहीत. पक्षी मात्र भरपूर भेटले. हरियाल, म्हणजे हिरव्या रंगाचे कबूतर, हा आपला राज्यपक्षी. रानकोंबड्याची बांग ऐकली. ओढ्याकाठी शीळकरी कस्तुराची शीळ ऐकली. एखादे शाळकरी पोर रमत-गमत शीळ घालीत चालले आहे, असे वाटावे. मामांनी सांगितले, की पावसाळ्याच्या तोंडाला काजव्यांनी झाडे लखलखतात आणि भर पावसात कुजलेल्या लाकडावर काळोखात हिरवा उजेड दिसतो. तो भुताखेतांचा नव्हे. एका जातीच्या बुरशीचा तो प्रकाश असतो. अंधश्रद्धेचे एक मोठे गाठोडे पोरांच्या डोक्यावरून त्या एका वाक्याने उतरले.

रस्ता कोणासाठी?

रस्ता नको, जंगल राहू द्या, असे शहरातून येऊन म्हणणे सोपे आहे. आहुप्याच्या आजी रात्री म्हणाल्या होत्या, "गाडीरस्ता झाला म्हणून माझी सून बाळंतपणात वाचली. त्याच्या आधी डोलीत घालून डोंगर उतरवायचे. काही पोचायची, काही न्हाय." रस्त्याविना मरण काय असते हे गावकुसाबाहेर राहिलेल्या आपल्या आई-आज्यांनाही ठाऊक आहे. दवाखान्याचा, शाळेचा, रेशनचा रस्ता हा माणसाचा हक्कच आहे.

पण येथे दुसऱ्याही तऱ्हेचे रस्ते झाले. खेड तालुक्यात भीमाशंकरजवळच्या डोंगरांवर पवनचक्क्यांसाठी जंगलातून रुंद सडका कापल्या गेल्या. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात त्यावर बोट ठेवले. झाडे गेली, उतारावरची माती खाली वाहिली आणि रानावर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या आदिवासींच्या हक्काचा विचार झाला नाही. आजींच्या सुनेला वाचवणारा अरुंद रस्ता आणि अवजड यंत्रे नेणारी सडक, दोघांनाही विकासच म्हणतात. कोणत्या रस्त्याची गरज आहे, हे त्या गावच्या ग्रामसभेला विचारून ठरवले तर निम्मे तंटे उद्भवणारच नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावर जगणाऱ्यांना हा अधिकार दिला आहे. तो कागदावरून रानात उतरवणे बाकी आहे.

येथल्या लोकांच्या हाती रोख पैसा येतो तो मुख्यतः हिरड्यामुळे. उन्हाळ्याच्या आधी-मधी कोवळा बाळहिरडा झोडायचा, वाळवायचा, विकायचा. औषधाला आणि रंगाला तो लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची पुष्कळ झाडे पडली. भरपाईसाठी आदिवासींना मोर्चे काढावे लागले. हिरड्याचे झाड उभे राहिले तरच घर चालते. म्हणून ते झाड राखण्यात या माणसांचा स्वार्थ आहे आणि असा स्वार्थ जंगलाच्या फायद्याचा आहे.

बिबट्याला परत का सोडत नाहीत?

आता पोरांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर. आपल्या शिवारातला बिबट्या बहुतांशी भीमाशंकरहून आलेला नाही. तो आपल्याच उसात जन्मलेला आहे. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांचे कालवे खाली आले. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात ऊस वाढला. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो. दाट आडोसा, जवळ पाणी आणि वस्तीजवळ कुत्री, डुकरे, शेळ्या. मादी सुमारे तीन महिने गाभण राहते, दोन-तीन पिले देते आणि दीड-दोन वर्षे त्यांना सांभाळते. अशा पिढ्यांवर पिढ्या उसात झाल्या. त्यांनी भीमाशंकरचे जंगल कधी पाहिलेलेच नाही.

मग धरून तेथे सोडले तर? हा प्रयोग होऊन गेला आहे. २००१ पासून जुन्नर वनविभागात बिबटे पिंजऱ्यात धरून दुसऱ्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. बिबटे हलवणे सुरू होण्याआधी तेथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, नंतर ते १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या बिथरतो, भटकतो, माणसांच्या अंगावर जातो. इकडे मोकळ्या झालेल्या जागी दुसरा येऊन बसतो. म्हणजे आपल्या दारचे संकट उचलून आहुप्याच्या आजींच्या दारी टाकायचे आणि आपले दारही मोकळे राहत नाही. आपली घाण दुसऱ्याच्या उंबऱ्यावर ढकलण्याची ही रीत कोणावर चालवली जात आली, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

याचा अर्थ माणसांनी मरावे असा नाही. माणसावर चटावलेल्या जनावराचा बंदोबस्त वनखात्याने केलाच पाहिजे आणि तो वेळेत केला पाहिजे. पण रोजची काळजी आपल्या हाती आहे. बिबट्याच्या हल्ल्यात सापडतात ती बहुधा लेकरे आणि वाकून काम करणारी किंवा खाली बसलेली माणसे. गावाच्या कडेला, उसाला लागून कोणाच्या वस्त्या आहेत आणि पहाटे उघड्यावर कोणाला बसावे लागते, ते पाहा. घरोघरी संडास आणि वस्तीत दिवा ही मागणी आता केवळ आरोग्याची राहिलेली नाही, ती जिवाची झाली आहे. ग्रामपंचायतीत ती लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. ऊसतोडीवरच्या बांधवांनी पोरांना फडाच्या कडेला एकटे ठेवू नये. अंधारात बोलत, मोबाइलवर गाणी लावून, घोळक्याने जावे. शेळ्या बंद गोठ्यात ठेवाव्यात. उष्टे-खरकटे आणि कोंबड्यांची घाण उघड्यावर टाकू नये, कारण त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. उसात पिले सापडली तर हात न लावता वनखात्याला कळवावे. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे. तेथली मंडळी अशी पिले पुन्हा आईकडे पोहोचवतात. पिले हरवलेली मादी फार धोकादायक असते.

जाणाऱ्यांसाठी

मंचर ते भीमाशंकर सुमारे साठ किलोमीटर. मंचर, घोडेगाव, डिंभे, तळेघर असा एक रस्ता आणि राजगुरुनगरहून वाडामार्गे दुसरा. आहुप्याच्या एस.टी.ची वेळ घोडेगावला आधी विचारून घ्यावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ कुटुंबासाठी उत्तम. श्रावणात आणि महाशिवरात्रीला यात्रेची गर्दी असते. भर पावसात कडे निसरडे होतात आणि दरडीही कोसळतात, तेव्हा लेकरांना घेऊन जाऊ नये. रानात शिरताना गावातला वाटाड्या घ्यावा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. मुक्काम आणि जेवण आदिवासी बांधवांच्याच घरी करावे, म्हणजे चार पैसे तेथेच राहतात. जंगलात मोठ्याने गाणी लावू नयेत, माकडांना खाऊ घालू नये. प्लॅस्टिकच्या पिशव्या-बाटल्या नेल्या तितक्या मोजून परत आणाव्यात. आम्ही जाताना एकवीस बाटल्या नेल्या, येताना वाटेवर पडलेल्या धरून एकूण त्रेपन्न आणल्या. पोरांनी त्या शिरूरच्या भंगारवाल्याला विकून पेनांचा डबा घेतला.

आपली मंडळे दरवर्षी सहली काढतातच. त्यांत एक सहल या डोंगराची असावी आणि तिच्यात लेकी-सुना, म्हातारी माणसे सारी असावीत. उन्हाळ्यात नळाला पाणी आले नाही की आपण नगरपालिकेवर मोर्चा नेतो, तो नेलाच पाहिजे. पण ते पाणी ज्या झाडांनी आणि ज्या माणसांनी वर डोंगरात राखले, त्यांच्यावर अन्याय होईल तेव्हाही खालच्या गावांतून आवाज उठला पाहिजे. त्यासाठी आधी त्यांची ओळख हवी. ती एकदा जाऊन करून घ्यावी, एवढीच विनंती.